शेंगांची टरफलं कोणी उचलायची?

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यातली गोष्ट. मधली सुट्टी झाली, मी वर्गात शिरले तर खिडकीखाली भुईमुगाच्या टरफलांचा हा एवढा ढीग. शेंगा नुकत्याच घरात आलेल्या, पोरांचे खिसे भरलेले. विचारलं, कोणी खाल्ल्या? कोणी बोलेना. म्हटलं, ठीक आहे, मग सगळ्यांनी मिळून उचला, प्रत्येकाने मूठभर. सगळे वाकले. भिंतीकडचा एक मुलगा मात्र मांडी मोडायला तयार नाही.

"तुला वेगळं सांगायचं का?"

तो उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, मी शेंगा खाल्ल्या नाहीत. मी टरफलं उचलणार नाही."

वर्ग चिडीचूप. पाठ केलेलं वाक्य होतं, आणि ते पुस्तक सुट्टीच्या आधी मीच त्याच्या हातात दिलेलं. तो उद्धटपणा करत नव्हता. त्याचा खालचा ओठ थरथरत होता आणि हाताची मूठ चड्डीच्या शिवणीला घट्ट धरलेली होती. एवढं सगळं मला दिसलं, तरी मी म्हणाले, "पुस्तकातलं मला ऐकवू नकोस," आणि त्याला शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभं केलं.

त्या दिवशी निफाडहून परतताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण नाशिकचं निमाणी स्टँड कधी आलं ते कळलं नाही. बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. टिळकांची ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. दर वेळी मी टिळकांच्या बाजूने उभी राहून सांगितली. त्या गोष्टीत एक गुरुजीही आहेत, वर्गभर पोरांवर एकदम हुकूम सोडणारे, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी वर्गासमोर सांगितलं की काल माझं चुकलं. ज्याने खाल्लं नाही त्याला उचलायला लावणं बरोबर नव्हतं, आणि खरं बोलणाऱ्याला बाहेर उभं करणं तर अजिबात बरोबर नव्हतं. दोन पोरं आपणहून उठली, "आम्ही खाल्ल्या होत्या," म्हणाली. मग भिंतीकडच्या त्या मुलाने विचारलं, "टिळकांच्या गुरुजींनी पण दुसऱ्या दिवशी असं सांगितलं होतं का?"

मी म्हणाले, गोष्ट तिथेच थांबते रे. गुरुजींचं पुढे काही सांगितलेलं नाही.

"मग ती अर्धीच आहे," तो म्हणाला आणि बसला.

तेव्हापासून थोरांच्या बालपणाची ही पुस्तकं मी नव्याने वाचायला घेतली आहेत. आमचा चौथी-पाचवीचा जोडवर्ग. गाव निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागांच्या मधोमध. छाटणीच्या हंगामात सुरगाणा, पेठकडची कुटुंबं बागांवर कामाला येतात, त्यांची मुलं चार-सहा महिने आमच्या हजेरीवर असतात. वर्गात एक लोखंडी कपाट आहे, त्यातला मधला कप्पा चरित्रांचा. कमी पडतील ती पुस्तकं मी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून माझ्या नावावर आणते. १८४० सालापासूनचं हे वाचनालय; हिरावाडीतल्या माझ्या घरून तिथे जायचं म्हणजे शनिवारची दुपार जाते, पण ती दुपार मला हवी असते. तिथे उभं राहून मी पानं उलटते आणि फक्त एकच गोष्ट शोधते: यात मूल आहे का?

बहुतेक पुस्तकांत नसतं. पहिल्या पानावर जन्म, आईवडिलांचं नाव, 'लहानपणापासूनच अत्यंत तल्लख आणि निर्भय'. दुसऱ्या पानावर एक प्रसंग. तिसऱ्या पानावर गडी मॅट्रिक होऊन मोकळा. मुलांना अशी पुस्तकं बरोबर ओळखता येतात. ती कपाटात नवी कोरी राहतात, खाकी कव्हरसुद्धा मळत नाही. याउलट काही पुस्तकांची शिवण उसवलेली, कोपरे दुमडलेले, एका पानावर हळदीचा डाग. त्या डागाच्या पानावर काय आहे ते मी नेहमी वाचून बघते.

टिळकांचंच घ्या. शेंगांची गोष्ट आणि 'संत' हा शब्द तीन प्रकारे लिहिल्याची गोष्ट, या दोन आख्यायिका सगळीकडे असतात. पण रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या या मुलाची आई तो दहा वर्षांचा असताना गेली, आणि शिक्षक असलेले वडील तो सोळा वर्षांचा असताना गेले, हे बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेलं असतं. कॉलेजात गेल्यावर प्रकृती तोळामासा आहे म्हणून त्यांनी पहिलं वर्ष व्यायामाला दिलं, परीक्षेचा नाद सोडला, हेही कुठेतरी कोपऱ्यात. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एका बारक्या मुलाने लगेच विचारलं, "मग नापास झाले का?" त्या वर्षी परीक्षेत मागे पडले, आणि पुढे १८७७ साली गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले, असं मी सांगितल्यावर तो कितीतरी वेळ गालावर हात ठेवून बसला होता. शेंगांच्या गोष्टीने त्याला काही दिलं असेल की नाही, कोण जाणे. हे मात्र त्याने बरोबर नेलं.

गांधीजींच्या लहानपणाची बात वेगळी, कारण ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि त्यात काही लपवलेलं नाही. राजकोटच्या शाळेत जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी मुलांना इंग्रजी पाच शब्द घातले. एक शब्द 'केटल', म्हणजे आपली किटली. मोहनचं स्पेलिंग चुकलं. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवर बघ म्हणून. त्याला ते समजलंच नाही. शिक्षक आपल्याला नक्कल करायला सांगतील, हे त्याच्या डोक्यातच येईना. सगळ्या वर्गाचे शब्द बरोबर, याचा एकट्याचा चूक.

ही गोष्ट सत्यप्रियतेची म्हणून सांगायची पद्धत आहे. आमच्या वर्गाने ऐकली ती मात्र बुटासाठी. "मॅडम, तपासणीला साहेब आले की शिक्षक असं करतात?" मी थोडी गप्प झाले. आमच्याकडेही तपासणी असते. फळ्यावर उत्तर दिसेल असं ठेवावं, चुणचुणीत मुलांना पुढे बसवावं, हे मोह मलाही झालेले आहेत. मुलांना मी खरं सांगितलं: करतात, करू नये.

पण त्या चरित्रातलं सगळ्यांत उसवलेलं पान दुसरंच आहे. मोहनला चोरांची, भुतांची आणि सापांची भीती वाटायची. रात्री दाराबाहेर पडायची हिंमत नव्हती, दिव्याशिवाय झोप लागत नव्हती. घरात रंभा नावाची दाई होती, तिने सांगितलं, भीती वाटली की रामनाम घे. बागेतल्या शेडमध्ये झोपणारी माझी मुलं हे वाचतात तेव्हा त्यांना समजावून सांगावं लागत नाही. तिथे साप ही गोष्टीतली वस्तू नाही. थंडीत निफाडचा पारा सगळ्या महाराष्ट्रात खाली उतरतो, पोरं पोत्यात पाय घालून झोपतात, आणि रात्री लघवीला उठायचं म्हणजे भावाला उठवायचं. एका मुलीने मला हळूच विचारलं, "ते मोठे झाल्यावर पण घाबरायचे का?" एवढा मोठा माणूस अंधाराला भ्यायचा, हे तिला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं तिच्याकडे बघून वाटलं.

डॉ. आंबेडकरांचा मसूरचा प्रवास मी दरवर्षी वाचून दाखवते. वाचताना माझा आवाज आजही बसतो. तोही त्यांनी स्वतः लिहिलेला आहे. साताऱ्याला आत्यासोबत राहणारी मुलं, वडील नोकरीनिमित्त दूर गोरेगावला. सुट्टीत वडिलांकडे जायचं ठरलं. भीमराव, त्यांचा मोठा भाऊ, बहिणीची मुलं. नवे सदरे शिवले, नक्षीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. आगगाडीत पहिल्यांदा बसायचं. मसूर स्टेशनवर उतरले तर न्यायला कोणी नाही, पत्र वडिलांच्या हाती पोचलेलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने चौकशी केली, जात कळली आणि तो मागे सरकला. गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान पायी चालणार. सोबत डबा भरून जेवण होतं. पाणी नव्हतं. टोलनाक्यावर मागितलं, मिळालं नाही. भरलेल्या डब्याजवळ मुलं उपाशी झोपली. तेव्हा भीमरावांचं वय नऊ वर्षांचं होतं.

अस्पृश्यता म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकात व्याख्येसकट आहे आणि मुलं ती लिहितातही. पण या वेळी मी वाचून थांबले तेव्हा पहिला प्रश्न टोपीचा आला. "मॅडम, त्यांनी नव्या टोप्या घातल्या होत्या ना?" मी हो म्हटलं. "त्या खराब झाल्या का?" आमची पोरं दिवाळीला गावी जाताना नवे कपडे घालून एसटीत बसतात, कंडक्टरनेही आपल्याकडे बघावं असं त्यांना वाटतं. त्यामुळे तो अपमान त्यांना कुठे लागला असेल हे त्यांनी टोपीवरून ओळखलं. व्याख्येत टोपी नाही.

आणि पाण्यावर तर सगळा वर्गच बोलला. डबा आहे पण पाणी नाही म्हणजे घास कसा गिळणार? एकाने लगेच स्वतःची बाटली दप्तरातून काढून बाकावर ठेवली, का ठेवली ते त्यालाही सांगता आलं नाही.

याच बालपणात साताऱ्याच्या शाळेतले आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी आहेत, मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी-भाकरी या मुलाला देणारे. आणि त्याच शाळेत, शिपाई नसला की तहानलेल्या मुलाला पाणी मिळत नव्हतं, बसायला घरून गोणपाट न्यावं लागत होतं. एकाच शाळेत हे दोन्ही चाललेलं. शिक्षकांनी ही बालचरित्रं वाचायला हवीत असं मला जे वाटतं ते याचसाठी. मूल टिळक होईल की नाही ते पुढचं पुढे. आपण मात्र आजच त्या गोष्टीत कुठेतरी उभे आहोत, भाकरी देणाऱ्यांत किंवा बुटाने खुणावणाऱ्यांत.

आमच्या तालुक्याचीही एक तक्रार आहे. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडचा. मुलांना हे सांगितलं तर वर्गात एकदम गलका. "आपल्या निफाडचे?" पुस्तक उघडलं तर 'निफाड येथे जन्म झाला' आणि पुढच्याच वाक्यात मंडळी कोल्हापूरला. पोरांना राग आला, आणि मला तो आवडला. कुसुमाग्रजांनी त्याची भरपाई केली. त्यांचं लहानपण इथल्याच पिंपळगाव बसवंतला गेलं, मग नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले. जन्माचं नाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. ज्ञानपीठ, मराठी भाषा गौरव दिन, हे सगळं २७ फेब्रुवारीच्या भाषणात असतंच. मामाकडे शिकायला राहिलेल्या आमच्या एका मुलाला त्यातलं फक्त दत्तक जाणं ऐकू आलं. "मग त्यांना आई कोणत्या नावाने हाक मारायची?" असं त्याने विचारलं. कवीच्या चरित्रात यापेक्षा महत्त्वाचं पान कुठलं असेल, मला तरी सुचत नाही.

मुलींचं काय, हा विषय मी काढला नव्हता. तो पाचवीतल्या एका मुलीने काढला. सुरगाण्याकडची, कडेवर धाकट्या भावाला घेऊनच शाळेत येणारी, गणितात पक्की. जानेवारीत सावित्रीबाईंच्या जयंतीसाठी फलक लिहायला मी तिला बसवलं होतं. सावित्रीबाई: जन्म १८३१, विवाह १८४०. आनंदीबाई जोशी: जन्म १८६५, विवाह १८७४. तिने बाजूला बारीक अक्षरात वजाबाकी केली, ९ आणि ९. मग मला विचारलं, रमाबाई रानडे? म्हटलं, अकरा. तिने ११ लिहिलं. तिचं स्वतःचं वय तेवढंच.

"मॅडम, म्हणून यांचं बालपणाचं पान लहान असतं का?"

मी घरी येऊन पुस्तकं काढून बघितली. खरंच होतं. मुलांच्या चरित्रात खोड्या, पोहणं, आखाडा, शाळा. मुलींच्या चरित्रात जन्म आणि लगेच 'वयाच्या नवव्या वर्षी'. आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना होतं, घर कल्याणचं. त्यापुढे पाटीपेन्सिल, मैत्रिणी, भातुकली यातलं काही शोधायला जावं तर हाती फारसं लागत नाही. पुढे त्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, ते सगळं सविस्तर आहे. मधली यमू कुठे गेली?

म्हणून मी त्या मुलीसाठी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' कपाटात आणून ठेवलं. ते मुलांचं पुस्तक नाही, चांगलं जाडजूड आहे. पण लक्ष्मीबाई आपल्याच, १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या, माहेरच्या गोखले, आणि बोलल्यासारखं लिहिणाऱ्या. त्यांचंही लग्न अकराव्या वर्षी झालं, तरी त्यांनी त्याआधीचं घर डोळ्यांसमोर उभं केलंय. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. धान्य धुवायचं. मीठसुद्धा धुवायचं.

"हे टिळक म्हणजे शेंगांचेच टिळक?" भिंतीकडच्याने लगेच विचारलं. नाही रे, हे कवी नारायण वामन टिळक, त्यांच्या या पत्नी. एवढं सांगून मी पुढे वाचत राहिले. पण मिठापाशी वर्ग अडकला होता. मीठ कसं धुणार? विरघळेल ना? कोणी म्हणे खडे मीठ असेल, कोणी म्हणे पटकन काढून घेत असतील.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. मी रजिस्टर लिहीत बसले होते. नळाकडून आवाज आला म्हणून बघितलं, तर ती मुलगी खिचडीच्या डब्याजवळच्या बरणीतलं ओंजळभर खडे मीठ गाळणीत घेऊन उभी. भाऊ कडेवर. आजूबाजूला सात-आठ पोरं. तिने गाळणी नळाखाली धरली, दोनदा हलवली आणि बाजूला घेतली. खडे बारीक झाले होते, कडा गोल झालेल्या, पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं. तिने ते पाणी जिभेने चाखलं. मग गाळणीत उरलेलं मीठ परत ओंजळीत घेऊन बघितलं. निम्मंही राहिलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यांच्या आईला किती मीठ लागत असेल!"